युद्धकैदी ‘८१ अ’: एका कुत्रीला घर कसे मिळाले

महाभारताच्या अखेरीस एक कुत्रा येतो, तो आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. पांडव राज्य सोडून हिमालयाच्या वाटेने निघतात आणि हस्तिनापुरापासून हा कुत्रा त्यांच्या मागोमाग चालू लागतो. द्रौपदी पडते, एकेक करून भाऊ पडतात, कुत्रा मात्र शेवटपर्यंत धर्मराजाची सोबत सोडीत नाही. मग इंद्र रथ घेऊन येतो आणि सांगतो की कुत्र्याला इथेच सोड, स्वर्गात त्याला जागा नाही. धर्मराज उत्तर देतो की आश्रयाला आलेल्याला टाकून मला तुझा स्वर्ग नको. ही गोष्ट कीर्तनात सांगतात, शाळेत सांगतात, आणि ती संपली की आपण समाधानाने हात जोडून घरी जातो.

पण धर्मराजाचा पेच एका शब्दासरशी सुटला, कारण तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्मच होता. तुमच्या आमच्या जगात कुत्रा हा कुत्राच असतो. त्याला रोज चतकोर भाकर लागते. तो आजारी पडतो, पिसाळण्याची भीती असते. परक्या मुलुखातून त्याला आणायचे तर जहाजवाले घेत नाहीत आणि बंदरावर सरकारचा कायदा आडवा येतो. दया येऊन उचललेले पिल्लू आठ दिवसांत घराला ओझे कसे होते, हे काय मी तुम्हाला सांगायला हवे? बेवारशी जिवाला वाचवणे ही एक गोष्ट आणि त्याला कायमचे घर मिळवून देणे ही दुसरी. या दोहोंमध्ये केवढी वाट चालावी लागते, हे दाखवणारी एक खरी हकिगत दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात आहे. ती ज्यूडी नावाच्या कुत्रीची. तीच आज सांगतो.

ज्यूडीचा जन्म १९३६ साली चीनमधल्या शांघाय बंदरात झाला. तिची जात पॉइंटर. अंगाने पांढरी, त्यावर तपकिरी ठिपके. ही शिकारी जात. पक्षी दिसला की हा कुत्रा नाक त्या दिशेला रोखतो, पुढचा पाय उचलतो आणि जागच्या जागी थिजल्यासारखा उभा राहतो. धनी समजतो, शिकार तिथे आहे. ज्यूडीला मात्र ही विद्या कधी आली नाही. लहानपणीच ती कुत्री पाळणाऱ्यांच्या आवारातून पळाली, शांघायच्या गल्ल्यांत वाढली, आणि एका चिनी दुकानदाराने टाकलेल्या घासावर जगली, असे तिच्याविषयी सांगतात. पुढे ती पुन्हा त्याच आवारात आली, आणि १९३६ च्याच उत्तरार्धात ‘नॅट’ नावाच्या इंग्रजी गनबोटीवरच्या खलाशांनी तिला विकत घेतले.

इंग्रजांची गनबोट चीनच्या नदीत काय करीत होती, असे तुम्ही विचाराल. एकोणिसाव्या शतकात चीनवर जे तह लादले गेले, त्यांनी परक्या देशांना यांगत्से नदीत आपली लढाऊ जहाजे फिरवण्याचा हक्क मिळाला होता. अशा जहाजांवर महिनोन् महिने काढणाऱ्या खलाशांना करमणुकीला एक पाळीव जनावर हवे असे. ज्यूडी शिकारीला निरुपयोगी ठरली, पण तिचे कान तीक्ष्ण होते. माणसाला आवाज येण्याआधी तिला दूरच्या विमानाची चाहूल लागे आणि ती भुंकून सर्वांना सावध करी. १९३९ साली खलाशांची काही मंडळी ‘ग्रासहॉपर’ या दुसऱ्या गनबोटीवर गेली, तेव्हा ज्यूडीही त्यांच्याबरोबर गेली. युरोपात युद्ध पेटले आणि ती बोट सिंगापूरला आली.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा मलायात उतरल्या, आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. त्या शरणागतीत हजारो हिंदी शिपाईही कैद झाले, हे आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांनी ऐकलेले असेल. सिंगापूर पडण्याच्या आदल्या दोन दिवसांत जी जहाजे तेथून निसटली, त्यांत ‘ग्रासहॉपर’ होती. १४ तारखेला जपानी विमानांनी तिला गाठले. बाँब पडले, बोट पेटली, आणि जी माणसे वाचली ती जवळच्या एका ओसाड बेटावर उतरली. ज्यूडी राहिली बोटीतच. त्या धांदलीत तिची आठवण कुणाला झाली नाही. जॉर्ज व्हाइट नावाचा एक खलाशी काही सामान मिळते का ते बघायला बुडत्या बोटीवर परत गेला, तेव्हा उलटलेल्या कपाटांखाली ती जिवंत सापडली.

बेटावर प्यायला पाणी नव्हते. खलाशांच्या आठवणी अशा आहेत की ज्यूडीने ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरची वाळू पंजांनी उकरायला सुरुवात केली, आणि माणसांनी तिथे आणखी खणले तेव्हा गोडे पाणी लागले. कोकणातल्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. समुद्राच्या काठाला वाळूच्या पोटात गोड्या पाण्याचे झरे असतात, हे त्यांना चांगले ठाऊक आहे. पुढे ही मंडळी होडीने सुमात्रा बेटावर पोचली. तेथून जंगल तुडवीत पश्चिम किनाऱ्यावरच्या पादांग बंदराला गेली, आणि तिथे कळले की आपल्या माणसांना नेणारे शेवटचे जहाज निघून गेले आहे. मार्च १९४२ मध्ये सर्व जण जपान्यांच्या हाती सापडले. खलाशांनी मेदान शहराकडे नेले जाताना ज्यूडीला लॉरीत रिकाम्या पोत्यांखाली लपवून बरोबर घेतले.

आता खरी कसोटी सुरू झाली. मेदानजवळच्या ग्लुगुर छावणीत माणसांनाच पोटभर अन्न मिळत नव्हते. रोजचा शिजवलेला भात, तोही निकृष्ट आणि मोजका. अशा जागी कुत्र्याला कोण आपल्या ताटातले देणार? ज्यूडी उंदीर, सरडे जे सापडेल त्यावर जगत होती. तिचे जुने सोबती तिच्यावर माया करीत, पण तिला स्वतःचा असा एक धनी नव्हता. ती सगळ्यांची होती, आणि जे जनावर सगळ्यांचे असते ते अडचणीच्या वेळी कुणाचेच नसते. गावातल्या चावडीवरच्या कुत्र्याची स्थिती बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते लक्षात येईल.

ऑगस्ट १९४२ मध्ये त्या छावणीत फ्रँक विल्यम्स नावाचा विशी ओलांडलेला एक तरुण कैदी आला. तो इंग्लंडच्या विमानदलातला साधा कर्मचारी; अधिकारी नव्हे. त्याने ती हाडांचा सापळा झालेली कुत्री पाहिली आणि आपल्या वाट्याचा भात तिच्यापुढे ठेवला. तिने लगेच तोंड लावले नाही. आधी त्याच्याकडे बघत राहिली, मग तो भात खाल्ला, आणि त्या दिवसापासून ती त्याची झाली. वाचकहो, इथे दया आहे खरी, पण नुसती दया नाही. भरल्या घरातून टाकलेला तुकडा वेगळा आणि उपाशी माणसाने रोजच्या रोज आपल्या घासातून काढलेला घास वेगळा. हा घास त्याने एक दिवस काढला नाही. पुढची तीन वर्षे काढला.

पण घास घातला म्हणून जीव सुरक्षित होत नाही. पहारेकरी कैद्यांना मारू लागले की ज्यूडी त्यांच्यावर गुरगुरत असे, आणि पहारेकरी तिला गोळी घालण्याची धमकी देत. विल्यम्सने विचार केला की हिला वाचवायचे तर हिचे नाव सरकारी दप्तरात लागले पाहिजे. ज्यूडीला त्या काळात पिल्ले झाली होती. छावणीच्या मुख्य जपानी अधिकाऱ्याच्या एका मैत्रिणीला ती कुत्री आवडली होती. एका रात्री अधिकारी दारूच्या नशेत खुशीत आहे असे पाहून विल्यम्सने त्याला एक पिल्लू देऊ केले आणि बदल्यात ज्यूडीची युद्धकैदी म्हणून नोंद करून मागितली. अधिकारी कबूल झाला. नोंद झाली: ‘८१ अ, ग्लुगुर, मेदान’. दुसऱ्या महायुद्धात रीतसर युद्धकैदी म्हणून नोंदली गेलेली एकमेव कुत्री म्हणून ज्यूडी आज ओळखली जाते.

एका कागदाने काय होते, असे कुणी म्हणेल. शेतकऱ्याने तरी असे म्हणू नये. सातबाऱ्यावर नाव लागलेल्या माणसाला जमिनीवरून हुसकावणे आणि नाव न लागलेल्याला हुसकावणे, यातला फरक आपल्याला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. दप्तरात नंबर आला की तो खोडताना कुणाला तरी जाब द्यावा लागतो. विल्यम्सने हे ओळखले, म्हणून ज्यूडी पहारेकऱ्यांच्या तडाख्यातून वाचली.

जून १९४४ मध्ये कैद्यांना जहाजाने सिंगापूरला न्यायचे ठरले. तोवर छावणीवर नवा अधिकारी आला होता, आणि त्याचा हुकूम होता की कुत्री बरोबर न्यायची नाही. आधीची नोंद त्याच्यापुढे चालेना. तेव्हा विल्यम्सने ज्यूडीला एक गोष्ट शिकवली. त्याने इशारा केला की तिने तांदळाच्या पोत्यात शिरायचे आणि श्वास सोडला तर हूं की चूं करायचे नाही. ते पोते पाठीवर घेऊन तो उन्हात तासन् तास रांगेत उभा राहिला. शिकारीची साधी विद्या न शिकलेली ही कुत्री त्या वेळी अजिबात हलली नाही.

त्या जहाजात सुमारे सातशे युद्धकैदी कोंबलेले होते. २६ जून १९४४ रोजी एका इंग्रजी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो सोडला. आत आपलीच माणसे आहेत हे पाणबुडीवाल्यांना ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. जहाजावर तशी खूण नव्हती. दीडशेहून अधिक कैदी त्यात मेले. विल्यम्सने बाहेर पडण्याची वाट नाही असे पाहून आधी ज्यूडीला जहाजाच्या गोल खिडकीतून समुद्रात ढकलले आणि मग स्वतः कसाबसा बाहेर पडला. दोघांची ताटातूट झाली. पाण्यात बुडणाऱ्या माणसांना ज्यूडीने आपल्या अंगाचा आधार दिला, असे वाचलेल्यांनी पुढे सांगितले. काही दिवसांनी सिंगापूरच्या छावणीत ती विल्यम्सला पुन्हा भेटली.

तिथून त्यांना परत सुमात्रात नेण्यात आले. पेकनबारूपासून मुआरापर्यंत सुमारे २२० किलोमीटरचा रेल्वेमार्ग जपानी लष्कराला जंगलातून काढायचा होता. वाचकहो, इथे इतिहास शिकवणाऱ्याने थोडे थांबले पाहिजे. या मार्गावर युरोपीय युद्धकैदी सुमारे पाच हजार होते आणि त्यांतले सातशेच्या घरात मेले. पण त्यांच्याबरोबर राबत होते ते ‘रोमुशा’ म्हणून धरून आणलेले मजूर. एक लाखाच्या आसपास माणसे, बहुतेक जावा बेटावरचे गरीब शेतकरी. त्यांतले हजारोंच्या हजारो उपासमारीने, हिवतापाने आणि हगवणीने त्या जंगलात मेले. कैद्यांची निदान यादी होती. कुत्रीला नंबर होता. या मजुरांच्या नावांची धड नोंदही कुणी ठेवली नाही. ज्यूडीची हकिगत ऐकून आपले डोळे पाणावतात, ते योग्यच आहे. पण ज्यांची हकिगत सांगायला कुणी उरले नाही त्यांना आपण विसरलो, तर आपली दया अपुरी म्हणावी लागेल. तो रेल्वेमार्ग पुरा झाला १५ ऑगस्ट १९४५ रोजी, म्हणजे जपानने शरणागती जाहीर केली त्याच दिवशी. पुढे त्याचा फारसा उपयोग झाला नाही, आणि जंगलाने तो गिळून टाकला.

त्या वर्षात ज्यूडी निम्मी रानटी झाली होती. पहारेकरी येताना दिसला की विल्यम्सच्या एका खुणेसरशी ती झाडीत नाहीशी होई, आणि धोका टळला की परत येई. या जीवघेण्या लपंडावातून ती आणि तिचा धनी दोघेही जिवंत बाहेर पडले.

युद्ध संपले. आता सारे सुरळीत झाले असेल, असे तुम्हाला वाटेल. नाही. कैद्यांना इंग्लंडला नेणाऱ्या ‘अँटेनोर’ या जहाजावर जनावर आणण्याची बंदी होती. ज्यूडीच्या मित्रांनी पहाऱ्यावरच्या शिपायांना गप्पांत गुंतवले आणि विल्यम्सने तिला गुपचूप जहाजावर चढवले. वाटेत जहाजाच्या स्वयंपाक्याने तिच्या पोटाची सोय केली. लिव्हरपूल बंदर जवळ आले तेव्हा मात्र ही गोष्ट अधिकाऱ्यांना कळवावी लागली, आणि तिथे उभा होता इंग्लंडचा क्वारंटाइनचा कायदा. बाहेरच्या देशातून आलेला कुत्रा सहा महिने वेगळा कोंडून ठेवायचा, त्याशिवाय देशात सोडायचा नाही. कुत्रा कुणाचा, किती पराक्रमी, हे कायदा विचारीत नव्हता.

तीन वर्षे कैदेत काढून आलेल्या मुक्या जिवाला पुन्हा सहा महिने कोठडी! ऐकून आपल्याला राग येतो. पण त्या कायद्यामागे काय होते ते बघा. कुत्रा पिसाळण्याचा रोग, ज्याला डॉक्टर रेबीज म्हणतात, तो एकेकाळी इंग्लंडातही होता. कुत्रा चावल्यापासून रोगाची लक्षणे दिसेपर्यंत कधी काही आठवडे जातात, कधी काही महिने, आणि एकदा लक्षणे दिसली की मग औषध चालत नाही. म्हणून वरून धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याच्या अंगातही रोग दडलेला असू शकतो. इंग्रजांनी कुत्र्यांच्या तोंडाला जाळी बांधण्याची सक्ती केली, १८९७ पासून बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांवर निर्बंध घातले, आणि १९०२ पर्यंत देशातून हा रोग हद्दपार केला. मग पहिले महायुद्ध संपत आले. परदेशी आघाडीवरून परतणाऱ्या शिपायांनी जीव लावलेली कुत्री लपवून घरी आणली, आणि त्यांच्यापैकीच कुठल्या तरी कुत्र्याबरोबर १९१८ साली पिसाळ रोग इंग्लंडात परत आला, असे मानले जाते. नैऋत्येकडच्या जिल्ह्यांत तो पसरला, तीनशेहून अधिक जनावरे त्याला बळी पडली, आणि त्याचा पुन्हा नायनाट व्हायला १९२२ साल उजाडले.

बघा कसा पेच आहे! त्या शिपायांचे मन वाईट नव्हते. त्यांनीही विल्यम्ससारखाच एखाद्या बेवारशी कुत्र्याला जीव लावला होता. पण कायद्याला चुकवून आणलेल्या त्यांच्या मायेने दुसऱ्यांच्या गोठ्यात आणि अंगणात मरण आणून सोडले. म्हणून मला वाटते, ज्यूडीच्या हकिगतीत पोत्याचा प्रसंग जितका मोठा, तितकेच हे सहा महिने मोठे आहेत. छावणीत जुलमी हुकूम चुकवणे हा धर्म होता. बंदरावर सर्वांच्या रक्षणासाठी केलेला नियम पाळणे हाही धर्म होता. हुकूम कुणाच्या हितासाठी काढलेला आहे, हे बघूनच तो मोडावा की पाळावा ते ठरवायचे असते.

ज्यूडीला लंडनच्या दक्षिणेला हॅकब्रिज येथील क्वारंटाइनच्या आवारात ठेवले. तिथे पहारेकरी नव्हते. वेळेवर अन्न होते, जनावरांचे डॉक्टर होते, आणि विल्यम्स तिला भेटायला जात असे. २९ एप्रिल १९४६ रोजी तिची सुटका झाली. त्यानंतर काही दिवसांतच तिला ‘डिकिन पदक’ देण्यात आले. गोरगरिबांच्या आजारी जनावरांवर फुकट उपचार करणारी एक संस्था मारिया डिकिन या बाईंनी १९१७ साली इंग्लंडात स्थापन केली होती. युद्धात माणसाच्या उपयोगी पडलेल्या जनावरांसाठी त्यांनीच १९४३ साली हे पदक सुरू केले. कैद्यांचे धैर्य टिकवले आणि सावधपणाने अनेकांचे प्राण वाचवले, म्हणून ज्यूडीचा हा गौरव झाला. विल्यम्सलाही त्या संस्थेने सन्मानचिन्ह दिले. तुम्हा आम्हा रेडिओवाल्यांना आवडेल अशी एक गोष्ट म्हणजे, त्याच वर्षी बीबीसीच्या रेडिओवरून ज्यूडीचे भुंकणे साऱ्या देशाला ऐकवण्यात आले. पण पदकापेक्षा मला एक दुसरी गोष्ट मोलाची वाटते. जे सोबती छावण्यांतून परत आले नाहीत, त्यांच्या घरी विल्यम्स ज्यूडीला घेऊन जाई. मुलगा गेला, नवरा गेला, त्या घरात दोन शब्द काय बोलावे हे त्याला सुचत नसे. मग ज्यूडी त्या माणसांजवळ जाऊन बसे. तेवढ्याने त्यांना बोलते करता येई.

१९४८ साली विल्यम्सला पूर्व आफ्रिकेत टांगानिकात नोकरी मिळाली. हा मुलूख आज टांझानिया देशात मोडतो. युद्धानंतर इंग्लंडात तेला-तुपाचा तुटवडा होता, म्हणून सरकारने तिथे लाखो एकरांवर भुईमूग लावण्याची मोठी योजना काढली होती. पाऊसपाणी आणि जमीन यांचा नीट अंदाज न घेता ती आखली गेली. काही ठिकाणी माती वाळली की इतकी टणक होई की शेंगा उपटून निघत नसत. भुईमूग पिकवणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला आधी विचारले असते, तर त्याने सांगितले असते की या पिकाला भुसभुशीत जमीन लागते! १९५१ साली ती योजना गुंडाळावी लागली. पण आपल्या हकिगतीत तिचे काम एवढेच, की विल्यम्स इंग्लंडाहून निघाला तेव्हा ज्यूडी त्याच्याबरोबर होती. तिला मागे ठेवणे सोपे होते. ती म्हातारी होत चालली होती, आणि एवढ्या प्रसिद्ध कुत्रीला सांभाळायला इंग्लंडात शंभर घरे उघडी झाली असती. पण तिचे घर म्हणजे तो माणूस, हे विल्यम्सला कळत होते.

आफ्रिकेत ज्यूडीला पुन्हा पिल्ले झाली. पुढे तिच्या अंगात गाठ झाली. शस्त्रक्रिया झाली, पण ती बरी झाली नाही. तिच्या यातना थांबवण्यासाठी १७ फेब्रुवारी १९५० रोजी नाचिंग्वेआ या गावी तिला शांतपणे मरण देण्यात आले. ती चौदा वर्षांची होती. तिच्या अंगावर विमानदलाच्या गणवेशाच्या कापडाचा डगला घालून विल्यम्सने तिला पुरले. मग आपल्या हातांनी त्याने तिथे दगडांचे स्मारक बांधले. त्याला दोन महिने लागले. तिचे पदक आणि गळ्यातला पट्टा २००६ साली लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये लोकांना पाहायला ठेवण्यात आले होते. विल्यम्स २००३ सालीच वारला होता.

आता या हकिगतीचा जमाखर्च मांडू. ज्यूडीला वाचवायला किती माणसे लागली? बुडत्या बोटीवर परत गेलेला खलाशी, पोत्यांखाली लपवणारे सोबती, घास देणारा विल्यम्स, पहाऱ्याला गप्पांत गुंतवणारे मित्र, जहाजावरचा स्वयंपाकी, क्वारंटाइनमधले डॉक्टर. पण घर मिळवून द्यायला एकच माणूस लागला, जो पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत “ही माझी” म्हणत राहिला. वाचवणारे पुष्कळ असतात, वाचवण्यात लोकांची वाहवाही मिळते. चौदाव्या वर्षी आजारी पडलेल्या कुत्रीच्या उशाशी बसायला मात्र वाहवा मिळत नाही.

आजही जगभर लोक परदेशात सापडलेली बेवारशी कुत्री आपल्या देशात नेतात. काळ बदलला आहे. इंग्लंडने २००० साली सरसकट सहा महिने कोंडण्याची रीत सैल केली. आता बहुतेक ठिकाणी कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची बारीक चिप बसवणे, पिसाळ रोगाची लस टोचणे आणि काही देशांसाठी रक्त तपासून दाखला घेणे, असा क्रम आहे. ज्यूडीला जो नंबर नशेतल्या अधिकाऱ्याकडून युक्तीने मिळवावा लागला, तोच आज रीतसर तिच्या कातडीखाली बसवला असता! बाकी मुद्दा तोच आहे: ओळख, रोगापासून बचाव, आणि कायमचा धनी.

आपल्याला समुद्रापलीकडे जायला नको. आपल्या देशात पिसाळ रोग अजून आहे, आणि त्यात मुले जास्त सापडतात. गावातल्या शंभरातल्या सुमारे सत्तर कुत्र्यांना लस टोचलेली असली तर रोगाची साखळी तुटते, असे तज्ज्ञ सांगतात. कुत्रा चावला तर जखमेला हळद, चुना, मिरची काही लावू नये. वाहत्या पाण्याने आणि साबणाने ती पंधरा मिनिटे धुवावी आणि ताबडतोब दवाखाना गाठून लस घ्यावी. अंगारेधुपारे करीत बसू नये. लुई पाश्चर याने १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका मुलाला पहिल्यांदा ही लस टोचून वाचवले. त्याची पुण्यतिथी २८ सप्टेंबर; तो दिवस जगभर या रोगाविषयीच्या जागृतीसाठी पाळतात. शिक्षक बंधु-भगिनींनी त्या दिवशी मुलांना हे सांगावे. आणि दारात आलेल्या पिल्लावर एखाद्या मुलाचा जीव जडला, तर त्याला हाड-हाड करू नये की नुसती शाबासकीही देऊ नये. त्याच्याबरोबर बसून विचारावे: बाळ, याचे नाव काय ठेवलेस? याला लस कधी टोचायची? सुटीत गावाला गेलास तर याला कोण बघणार? हा म्हातारा होईल तेव्हा तू कुठे असशील?

धर्मराजाची गोष्ट सांगाल त्या तासाला ही ज्यूडीचीही सांगा. नकाशावर शांघाय, सिंगापूर, सुमात्रा, लिव्हरपूल आणि नाचिंग्वेआ दाखवा. या गावांना जोडणारी रेघ मुलांना स्वतःच्या हाताने काढू द्या. मग एका घासाची वाट किती लांब असते, हे त्यांना न सांगताही कळेल.